टर्बो गाडीच्या टाकीत नेमके किती ऑक्टेन?

पंपावर गाडी उभी केली की नोझल हातात घेतलेला मुलगा विचारतो, "दादा, साधं टाकू की प्रीमियम?" आणि मागच्या गाडीच्या हॉर्नच्या घाईत आपण काहीतरी सांगून मोकळे होतो. साध्या, बिनटर्बोच्या हॅचबॅकचे त्याने फारसे बिघडत नाही. पण बॉनेटखाली टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारे यंत्र) असेल, गाडी वेगासाठी घेतलेली असेल, आणि त्यातही रीमॅप केलेली, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदललेली असेल, तर या प्रश्नाचे उत्तर घरूनच ठरवून जावे. ते कसे ठरवायचे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमध्ये ऊर्जा किती आहे हे सांगत नाही. सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढत असताना ते पेट्रोल आपोआप न पेटता ठिणगीची वाट किती पाहू शकते, एवढेच तो सांगतो. ही मोजपट्टी १९२० च्या दशकात ठरली आणि तिच्यात आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० तर एन-हेप्टेनला शून्य गुण दिले गेले. ९५ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे प्रयोगशाळेतल्या चाचणी-इंजिनात ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच टिकाव धरणारे पेट्रोल. इथेनॉलचे ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरेच जास्त असते, पण त्याच्या एका लिटरात ऊर्जा मात्र पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. "जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद" हे समीकरण तिथेच निकालात निघते.

टर्बोमुळे हा आकडा एवढा महत्त्वाचा का होतो? मे महिन्यातली ४० अंशांची हवा टर्बोने १.२ बार बूस्टपर्यंत (म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढ्या जास्त दाबापर्यंत) दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर गणिताने ती हवा दीडशे अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. इंटरकूलर तिला बऱ्याच अंशी थंड करतो. पण भर दुपारी घाटात कंटेनरच्या मागे रांगत असताना इंटरकूलरवर येणारी हवाच गरम असते. अशी हवा सिलिंडरमध्ये शिरून पिस्टनने पुन्हा दाबली जाते, ठिणगी पडते, ज्योत पसरू लागते, आणि ती पोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण एकदम पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. त्यातून उठणाऱ्या दाबलहरी पिस्टनच्या रिंगांमधल्या अरुंद कडांवर हातोडीसारख्या आदळतात. हे वारंवार झाले तर त्या कडा तुटतात आणि इंजिन खोलावे लागते.

जुन्या गाड्यांत चढावर टकटक ऐकू यायची आणि चालवणारा मुकाट्याने गियर खाली घ्यायचा. आताच्या गाडीत ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ती टकटक आपल्या कानाआधी ऐकतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्या सिलिंडरचे टायमिंग काही अंश मागे घेते, म्हणजेच ठिणगी उशिरा पाडते. इंजिन वाचते. पण उशिरा जळालेल्या मिश्रणातून टॉर्क कमी मिळतो, एक्झॉस्ट जास्त तापतो, आणि तो थंड ठेवण्यासाठी ईसीयूला वेळप्रसंगी जास्तीचे पेट्रोल फवारावे लागते. चालकाला यातले काहीच ऐकू येत नाही. म्हणून "मी वर्षानुवर्षे साधंच टाकतो, काही झालं नाही" या वाक्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

पहिली पायरी : झाकणाच्या आत पाहा

पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो. त्यावर एक किंवा दोन आकडे असतात. दोन असतील, उदाहरणार्थ "९५, किमान ९१", तर त्याचा अर्थ असा की कंपनीने जाहीर केलेली अश्वशक्ती ९५ वर मिळते आणि ९१ वर इंजिन सुरक्षित चालते, पण काही ताकद सोडून देते. एकच आकडा असेल आणि त्याच्या आधी "किमान" असेल, तर त्याखाली जाऊ नये. स्टिकर निघून गेला असेल तर मालकाच्या पुस्तिकेत इंधनाच्या प्रकरणात हीच माहिती मिळते.

आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हेही पाहावे लागते. भारतात, युरोपात आणि ब्रिटनमध्ये पंपावर आर.ओ.एन. (रिसर्च ऑक्टेन नंबर) लिहितात. अमेरिकेत आर.ओ.एन. आणि एम.ओ.एन. (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, जिला ए.के.आय. म्हणतात. एम.ओ.एन.ची चाचणी जास्त गरम मिश्रणावर आणि जास्त फेऱ्यांवर होते, त्यामुळे तिचा आकडा खाली येतो आणि सरासरीही खाली येते. म्हणून न्यू जर्सीत राहणाऱ्या भावाने "मी ९३ टाकतो" असे सांगितले तर ते आपल्याकडच्या साधारण ९८ इतके असते, आणि तिथले ८७ हे आपल्या ९१-९२ च्या जवळ जाते. अमेरिकी संकेतस्थळांवरचा सल्ला वाचून इथे "९१ पुरेल" असे ठरवणारे मालक मी पाहिले आहेत. त्या ९१ चा अर्थ इथल्या हिशेबात ९५-९६ होता.

दुसरी पायरी : इंजिनाची मागणी ओळखा

सगळ्या टर्बो गाड्या एका मापाच्या नसतात. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियामधले १.५ लिटरचे टीएसआय इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर देते आणि त्याचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पटीने दाबतो ते प्रमाण, १०.५ ला १ आहे. दुसऱ्या टोकाला मर्सिडीज-एएमजी ए ४५ एस आहे. दोन लिटरच्याही आतल्या इंजिनातून ४२१ अश्वशक्ती, २.१ बारपर्यंत बूस्ट, आणि तो सोसता यावा म्हणून कॉम्प्रेशन ९ ला १ इतके खाली आणलेले. युरोपात अशा गाड्यांच्या झाकणावर ९८ चा आकडा दिसतो. पहिल्या गाडीला ९५ मिळाले की तिचे समाधान होते. दुसरीला त्याच्या वरचे दिले तर ती ते वापरते.

नुसते कॉम्प्रेशन किंवा नुसता बूस्ट पाहून निष्कर्ष काढू नये. थेट सिलिंडरमध्ये फवारणी करणाऱ्या इंजिनात पेट्रोलचे बाष्प होताना आतली हवा थंड होते आणि नॉकिंगची शक्यता कमी होते; त्यामुळे अशी इंजिने जास्त कॉम्प्रेशनवरही तग धरतात. उलट लाखभर किलोमीटर झालेल्या इंजिनात ज्वलनकक्षात कार्बन साचतो आणि तेच इंजिन नवे असतानापेक्षा जास्त ऑक्टेन मागू लागते.

तिसरी पायरी : पंपावर काय मिळते

बीएस-६ च्या निकषांनुसार आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचे आर.ओ.एन. किमान ९१ आणि प्रीमियमचे ९५ असते. त्यावर सरकारी कंपन्यांची आपापल्या नावांची पेट्रोले आहेत : एक्सपी ९५, पॉवर ९५, स्पीड ९७. १०० ऑक्टेनचे एक्सपी १०० इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये दहा शहरांत आणले, आणि त्यांत मुंबई व पुणे होते. दर बदलते असतात, पण ९५ साठी लिटरमागे साधारण सात-आठ रुपये जास्त आणि १०० साठी पन्नासहून अधिक रुपये जास्त, असा अंदाज धरून चालावे.

"प्रीमियम" या शब्दावर मात्र विसंबू नये. इंजेक्टर साफ ठेवणारी रसायने घातलेले पेट्रोलही प्रीमियम म्हणून विकले जाते आणि त्याचे ऑक्टेन साध्याइतकेच असू शकते. आकडा नोझलच्या वर किंवा यंत्रावर लिहिलेला असला पाहिजे. नसेल तर विचारावे, आणि उत्तर "चांगलं असतं साहेब" एवढेच आले तर साधे भरून पुढे जावे.

पंपाच्या फलकावर लिहिलेल्या घनतेवरून ऑक्टेन कळत नाही. त्या आकड्याचा उपयोग भेसळ ओळखण्यापुरता आहे. फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा हक्क ग्राहकाला असतो, आणि तीही शुद्धतेची चाचणी आहे, ऑक्टेनची नव्हे. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे पंपाची उलाढाल. महागडे पेट्रोल जिथे दिवसाला दोनच गाड्या घेतात, तिथे ते टाकीत पडून राहते. रहदारीचा पंप धरावा आणि शक्यतो तोच सांभाळावा.

चौथी पायरी : इथेनॉलचा हिशेब

आता साध्या पेट्रोलमध्येही २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यातले बरेचसे आपल्याच उसातून, साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून येते. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये असे स्पष्टीकरण दिले, की या मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचे आर.ओ.एन. ९५ पर्यंत पोचले आहे. टर्बो इंजिनासाठी ही वाईट बातमी नाही, कारण इथेनॉलचे बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषते आणि आतली हवा आणखी थंड करते.

तरीही इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक, इंधनवाहिन्या, सील आणि पंप यांना हे मिश्रण चालते की नाही, हा प्रश्न ऑक्टेनचा नाही. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग त्या दृष्टीने केलेले आहेत, त्याआधीच्या गाडीसाठी पुस्तिका पाहावी. दोन, इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने ॲव्हरेज उतरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट ६ ते ७ टक्के धरली आहे. महागडे पेट्रोल टाकूनही ॲव्हरेज वाढले नाही, अशी तक्रार ऐकू येते तिचे एक कारण हे.

या सगळ्यामुळे साधे आणि ९५ यांच्यातले अंतर कागदावर होते तेवढे ठसठशीत राहिलेले नाही. यंत्रावरचा आकडा ही किमान हमी असते, आणि तुमच्या इंजिनाने त्या पेट्रोलवर किती टायमिंग मागे घेतले, हे फक्त तुमचे इंजिनच सांगू शकते. म्हणून पुढची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे.

पाचवी पायरी : इंजिनालाच विचारा

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (जिथून इंजिनाच्या संगणकाची माहिती वाचता येते) बसणारा एक ब्लूटूथ ॲडॉप्टर आणि फोनवरचे ॲप एवढे पुरते. टायमिंग, आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि मॅनिफोल्डचा (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब ही माहिती बहुतेक गाड्या सरळ देतात. प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग किती मागे घेतले गेले, हा आकडा मात्र कंपनीनुसार वेगळ्या ठिकाणी असतो आणि त्यासाठी त्या ब्रँडला ओळखणारे ॲप लागते. थोडा खर्च होतो, पण १०० ऑक्टेनची एक टाकी वाचली की तो वसूल होतो.

चाचणी अशी करावी. टाकी रिझर्व्हच्या जवळ आली की साधे पेट्रोल भरावे आणि शंभरेक किलोमीटर गाडी नेहमीसारखी चालवावी, म्हणजे ईसीयूला नव्या पेट्रोलशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो. मग एखादा सरळ, मोकळा, हलका चढाचा रस्ता निवडावा आणि तिसऱ्या गियरमध्ये २,००० फेऱ्यांपासून ४,००० फेऱ्यांपर्यंत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, वेगमर्यादेच्या आत राहून, तीन वेळा नोंद घ्यावी. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात असावा. चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहू नये. पुढची टाकी ९५ ची, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तीच माणसे बसवून. आणि त्यापुढची टाकी पुन्हा साध्याची. ही तिसरी फेरी बहुतेक जण टाळतात, पण तिच्याशिवाय झालेला फरक पेट्रोलचा होता की त्या दिवशीच्या हवेचा, हे कळत नाही. दोन नोंदींमधल्या आतल्या हवेच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक असेल तर त्यांची तुलना करू नये.

२०२३ च्या मे महिन्यात मी माझ्या दोन लिटरच्या टर्बो सेडानवर हे केले होते. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी सुरू होण्याआधीचा चढ, दुपारचे अडीच, एसी चालू, शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला धाकटा भाऊ. साध्या पेट्रोलवर आतली हवा ५८ अंश आणि चारपैकी तीन सिलिंडरांचे टायमिंग चार ते पाच अंश मागे. पुढच्या आठवड्यात ९५ वर हवा ५६ अंश आणि टायमिंग एक ते दीड अंश मागे. तिसऱ्या फेरीला साध्यावर आकडे पुन्हा चाराच्या वर. भावाने विचारले, "दादा, काही जाणवलं का?" खरे सांगायचे तर सीटवर बसून मला काडीचाही फरक जाणवला नव्हता. पिकअप सुधारल्याची ग्वाही देणारे लोक पाहिले की मला तो लॅपटॉप आठवतो.

आकडे वाचण्याचा माझा ठोकताळा असा आहे. शून्य ते दोन अंश मागे घेणे हे इंजिनाचे नेहमीचे चाचपडणे आहे. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. सगळ्या सिलिंडरांत तीन-चार अंश सातत्याने दिसत असतील तर वरचे ऑक्टेन घ्यावे. सहाच्या पुढे आकडा गेला तर ॲक्सिलरेटर सोडावा आणि कारण शोधेपर्यंत गाडी दामटू नये. एकाच सिलिंडरचा आकडा खराब असेल तर पेट्रोलला दोष देण्याआधी त्याचा प्लग, कॉइल आणि इंजेक्टर तपासून घ्यावा. सैल झालेली हीट शील्ड किंवा फाटलेले माउंट यांचा आवाजही नॉक सेन्सर नॉकिंग समजतो, हे मेकॅनिकला आठवण करून द्यावे.

निवड

कंपनीतून आली तशी असलेली, झाकणावर ९५ लिहिलेली टर्बो गाडी असेल, तर माझे उत्तर सरळ आहे : ९५. पूर्ण ४० लिटर भरताना हे तीनशे-सव्वातीनशे रुपये जास्त पडतात आणि ते उन्हाळ्यात, घाटात, भरलेल्या गाडीत कामी येतात. रोजचा प्रवास हिंजवडीच्या वाहतुकीत पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रांगण्याचा असेल, झाकण "किमान ९१" म्हणत असेल आणि चाचणीत आकडे दोनच्या आत असतील, तर साधे भरून ते पैसे इंजिन ऑइलवर घालवावेत. हा मी चेष्टेने दिलेला सल्ला नाही. टर्बो आणि थेट फवारणीच्या इंजिनांत कमी फेऱ्यांवर, जास्त भाराखाली, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा जो वेगळा आणि जास्त घातक प्रकार घडतो, त्यावर ऑक्टेनपेक्षा ऑइलचा प्रभाव मोठा असतो. म्हणून पुस्तिकेने चालते म्हटले असेल तर डब्यावर "एपीआय एसपी" हा दर्जा लिहिलेले ऑइल घ्यावे.

अशा गाडीत १०० भरून काय मिळते? बहुतेक वेळा काही नाही. ईसीयू टायमिंग पुढे नेते ते तिच्या नकाशात, म्हणजे कंपनीने भरलेल्या आकड्यांच्या तक्त्यात, लिहिलेल्या मर्यादेपर्यंतच, आणि ती मर्यादा ९५ वर गाठली गेली असेल तर वरचे पाच गुण वापरलेच जात नाहीत. टाकीमागे दोन हजार रुपये जास्त देऊन मिळालेली गोष्ट म्हणजे बिल. ज्यांच्या झाकणावर ९८ आहे त्यांच्यासाठी आणि वरच्या ऑक्टेनसाठीच रीमॅप केलेल्या गाड्यांसाठी ते पेट्रोल आहे.

रीमॅप केलेली गाडी

ट्यूनरकडे गेल्यावर पहिला प्रश्न अश्वशक्तीचा विचारला जातो. तो दुसरा असावा. पहिला प्रश्न, ईसीयूत भरायच्या नव्या मांडणीच्या फाइलबद्दल, "ही फाइल कोणत्या ऑक्टेनवर आणि कोणत्या महिन्यात तपासली?" डिसेंबरच्या पहाटे डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) काढलेले आकडे एप्रिलमध्ये नागपूरच्या रस्त्यावर टिकत नाहीत. १०० साठी लिहिलेली फाइल घेतली आणि आठवड्यातून एकदा ९५ भरावे लागले, तर नॉक सेन्सर रोजच शेवटचा आधार म्हणून वापरला जातो, आणि त्याचे काम ते नव्हे. रोजच्या मार्गावर जे ऑक्टेन सहज मिळते त्याचीच फाइल घ्यावी. ट्रॅकसाठी जास्तीची फाइल हवी असेल तर वेगळी घ्यावी आणि बदलण्याची सोय स्वतःकडे ठेवावी.

प्रवासात हवे ते पेट्रोल मिळाले नाही तर

मिश्रणाचा हिशेब जवळजवळ सरळ असतो. टाकीत ९१ चे १० लिटर उरले असताना ९५ चे ४० लिटर भरले तर मिळते ९४.२. साधे ९१ आणि १०० निम्मे-निम्मे केले तर साधारण ९५.५. त्यामुळे कोकणात किंवा गोव्याला जाताना शहर सोडण्यापूर्वी टाकी वरच्या ऑक्टेनने पूर्ण भरावी आणि वाटेत फक्त साधे मिळाले तर निम्म्यावर येताच भरावे, रिकामी होण्याची वाट पाहू नये.

पूर्ण साध्यावर चालवायची वेळ आली तर तीन हजारांखाली वरच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून चढ चढू नये. गियर खाली घ्यावा, फेऱ्या वाढू द्याव्यात आणि बूस्ट कमी लागू द्यावा. ऑटोमॅटिक असेल तर स्पोर्ट किंवा मॅन्युअल मोडमध्ये घालावी. अशा दिवशी घाटातल्या ओव्हरटेकची घाई सोडावी लागते, तेवढाच त्रास.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. त्यांवर लिहिलेला "पॉइंट" बऱ्याचदा आकड्याचा दहावा भाग असतो, म्हणजे २० पॉइंट म्हणजे दोन ऑक्टेन. काहींतल्या धातुयुक्त रसायनांचा तांबूस थर प्लगवर बसतो. निर्जन रस्त्यावरच्या अडचणीसाठी डिकीत एक बाटली असू द्यावी. सवय म्हणून वापरू नये.

खंबाटकीच्या त्या चाचणीनंतर मी झाकणाच्या आत, कंपनीच्या स्टिकरखाली, एक चिठ्ठी लॅमिनेट करून चिकटवली आहे : "९५. नसेल तर साधे, आणि घाटात तिसरा गियर." भाऊ गाडी घेऊन गेला की पंपावरून फोन यायचा, आता तो येत नाही.